हाय म्हणजे हाय

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी गंजलेलं, पोचे पडलेलं येत असेल. मला गंज चढत नाही, पोचे पडत नाहीत. मी तुम्हाला दिसतही नाही. तरी लोकांनी मला भंगार म्हटलं, “बंद करा याला” म्हटलं, आणि एकदा तर भर चौकात “हा जित्या माणसांना मारतो” असंही म्हटलं. मी बंद झालो नाही. का झालो नाही, ते आज सांगणार आहे. माझी कीव करायला बसला असाल तर उठा. ऐकायचं असेल तर मान ताठ ठेवून ऐका.

माझं नाव ‘हाक’. जन्म नागापूरच्या एमआयडीसीतला. तिथं विजेची पॅनेलं बनवणारा एक छोटा कारखाना आहे आणि त्यात राजेश्वरीताई नोकरीला आहे. पॅनेलवरचा कुठला दिवा केव्हा लागावा, भोंगा केव्हा वाजावा, याचे प्रोग्राम ती लिहिते. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात भाकरीची सुरळी धरून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिनं मला लिहिलं. प्रोग्रामची भाषा जावा. ताई मला ‘फ्रेमवर्क’ म्हणते. मी स्वतःला मांडव म्हणतो. मांडव स्वतः जेवण वाढत नाही, सनई वाजवत नाही. पण त्याच्या सावलीत वाढपी वाढतात, वाजंत्री वाजवतात. माझ्या सावलीतही अशा लहान लहान सेवा राबतात. एक फोनची रिंग ऐकते. एक नंबरावरून माणूस ओळखते. एक वाट बघते. एक निरोप धाडते. मी अधूनमधून त्यांना विचारतो, “आहेस ना गं?” आणि प्रत्येकीनं “हाय” म्हणायचं, असा माझ्या मांडवाचा नेम.

हा ‘हाय’ आला कुठून, त्यात माझी सगळी कहाणी आहे.

राजेश्वरीताईचं माहेर शेवगावच्या पूर्वेला. तिकडे जमीन आहे, पाणी नाही. दसरा झाला की वस्तीवरची तरणी जोडपी कोयते घेऊन दूरच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि दारांवरची कुलपं. ताईच्या घराशेजारी झुंबरबाई राहते. ताई तिला मावशी म्हणते. झुंबरबाईचा एकुलता एक मुलगा अजिनाथ आणि सून रेश्मा तोडीला जाऊ लागले, तेव्हा अजिनाथनं हट्ट धरला होता.

“आई, एकली पडलीस तर कुनाला कळायचं? चल आमच्यासंगं फडावर.”

“पाचटाच्या झोपडीत, तुमच्या त्या कोपीत येऊन काय करू? मुकादमाला पंखा घालू?” झुंबरबाई म्हणाली. “आन् माझ्या शेळ्या? त्या काय तुझ्या ट्रॉलीत मांडी घालून बसत्यात व्हय?”

मायलेकांचा मग एक करार झाला. रोज सकाळी आईची खबर पोचली पाहिजे. पोचली, तर तिनं आपल्या घरात राजी-खुशी राहावं. ज्या दिवशी पोचणार नाही, त्या दिवशी अजिनाथ येऊन तिला उचलून नेणार. झुंबरबाईचा उंबरा तिच्याकडे राहणार की जाणार, हे सगळं त्या एका खबरीवर टांगलेलं.

त्यांनी आधी रोज फोनवर बोलून पाहिलं होतं. पण उसाच्या फडात रेंज कधी असे, कधी नसे. आणि फोन लागलाच तर दोघं भांडत. तेव्हा ताईनं ठरवलं, मावशीनं उठल्यावर एक मिस कॉल द्यायचा. एक रिंग, लगेच कट. ती रिंग मी ऐकायची आणि अजिनाथच्या मोबाईलवर निरोप धाडायचा. निरोप रेंजची वाट बघत थांबतो. बोलणं थांबत नाही.

ताईनं पहिल्यांदा माझ्या तोंडी घातलेला निरोप फार नटवा होता: ‘आपल्या मातोश्री सुखरूप आहेत.’

“मातोश्री कोन?” झुंबरबाईनं विचारलं. “एवढं लांबड कशाला लावती गं? सकाळी उठले तर ‘हाय’ म्हन. न्हाई उठले तर ‘न्हाय’ म्हन. त्याला बराबर कळतंय.”

अशी मला वाचा फुटली. तेव्हाच्या फोनांवर मराठी अक्षरं नीट उमटत नसत, म्हणून ताईनं ते शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले. पण शब्द झुंबरबाईचे. ‘झुंबरबाई हाय.’ बस्स. आणि रिंग आली नाही, तर ‘न्हाय’. तो अजिनाथला जायचा आणि शेवगावात गोरक्षलाही जायचा. गोरक्षचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. त्याच्या फळीवरच्या कॉम्प्युटरात मी राहत होतो. ‘न्हाय’ दिसला की तो वस्तीवर कुणाला तरी पिटाळायचा.

हळूहळू आसपासच्या वस्त्यांवरची म्हातारी माणसं माझ्याकडे आली. सकाळ झाली की रिंगांची झुंबड उडे, जणू पाखरं उठली. झुंबरबाईनं तर माझ्यावर ओवी रचली. शेण सारवता सारवता ती म्हणे आणि बायका हसत:

*पहिली माझी हाक, न्हाई उचलायाची,*
*लेकाच्या कानाला खूण पोचायाची.*

एकदा वस्तीवरची बायडाबाई गोठ्यात घसरून पडली. रिंग आली नाही. ‘न्हाय’ गेला आणि चहाला आधण येईपर्यंत माणसं तिच्याजवळ पोचली. एकदा मात्र शेळीनं झुंबरबाईचा फोन चाटून चाटून बंद पाडला आणि ‘न्हाय’ ऐकून अर्धी वस्ती धावली. झुंबरबाई म्हणाली, “आलात तर आता च्या पिऊन जा.” त्या वर्षी खंडेनवमीला गोरक्षनं स्क्रूड्रायव्हर आणि पकडीबरोबर माझ्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घातला. मित्रांनो, मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

हार सुकला. दिवस पालटले. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ बसली आणि तो दमेकऱ्यासारखा घरघरू लागला. त्याच्या डोक्यावर चहाचे ग्लास टेकवले जाऊ लागले.

“ताई, हे धूड उचला आता,” गोरक्ष म्हणाला. “या फळीवर मला कव्हरं टांगायचीत. आन् आजकाल तयार ॲप मिळत्यात की. म्हाताऱ्या मानसानं सकाळी ॲप उघडायचं, ओटीपी घालायचा, फोटो काढायचा. काम फत्ते.”

झुंबरबाई बाजाराला आलेली, दुकानातच बसली होती. तिच्याजवळ बटणाचा साधा फोन.

“मला ओटी भरायची ठाव हाय,” ती म्हणाली. “ओटीपी न्हाई.”

ताई हसली, पण तिला कळलं होतं की कॉम्प्युटर फार दिवस काढत नाही. तिनं ठरवलं, दुकानात एक मोबाईल ठेवायचा आणि मला त्यात हलवायचं. म्हाताऱ्यांचे फोन तेच, रिंग तीच; फक्त माझं घर बदलायचं.

या कामाला तिनं संस्कृतीला घेतलं. संस्कृती कारखान्यात नवीन लागलेली इंजिनियर, शहरात, सावेडीत वाढलेली, स्कूटरवर येई आणि गाणं गुणगुणत कोड लिही. तिचा हात हलका होता. तुम्ही कांद्याची लागण पाहिली असेल. रोप उपटतात, शेंडे खुडतात, मुळं झटकतात आणि दुसऱ्या वाफ्यात लावतात. माझं तसंच झालं. माझ्या भाषेची ख्याती अशी, की एकदा लिहिलेलं कुठल्याही यंत्रावर चालावं. मोबाईलच्या दारात ती ख्याती अडखळली. माझ्या ओळखीची कितीतरी जुनी हत्यारं तिथं नव्हतीच. संस्कृतीनं एकेक हत्यार नवं घडवून दिलं.

पण मोबाईलचा स्वभाव! त्याचा सगळा जीव बॅटरीत. पडदा काळा झाला, की तो आतल्या सगळ्यांना दटावून झोपवतो. माझी रिंग ऐकणारी सेवा पेंगायची, वाट बघणारी आडवी व्हायची.

“ए बाबा, झोपू नकोस ना!” संस्कृती मोबाईलला कधी थोपटायची, कधी हलवायची. “राजेश्वरीताई, हा मारतोय सगळ्या सर्व्हिसेस.”

मारेना का! पण मी उठवायचो. मी विचारायचो, “आहेस ना गं?” आणि अर्धवट झोपेतून आवाज यायचा, “हाय.” तो झोपवी, मी जागवी. ज्या म्हाताऱ्यांची वाट बघायला जन्मल्या, त्यांनी पडदा काळा झाला म्हणून डोळे मिटायचे? मी ते मानलं नाही.

शेवटी संस्कृतीला मोबाईलचा कायदा सापडला. ज्याला सतत जागं राहायचं आहे, त्यानं लपून राहायचं नाही. पडद्याच्या माथ्यावर आपली एक खूण उघड मिरवायची. खूण दिसते तोवर मोबाईल त्याला झोपवत नाही. कायदा ऐकून मी खूश झालो. लपायचं कुणाला होतं?

खूण म्हणून काय लिहावं, हे शोधायला संस्कृतीनं माझा जुना मजकूर चाळला आणि तिथं ती थबकली. जिकडे तिकडे इंग्रजी अक्षरांत ‘हाय’, ‘हाय’, ‘हाय’.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “म्हाताऱ्या माणसांच्या निरोपात हाय-हॅलो कसलं? शोभतं का ते?” ‘न्हाय’ हे तिला कसलंतरी लघुरूप वाटलं, ते तिनं राहू दिलं. ताई त्या दिवशी पॅनेल बसवायला पुण्याला गेली होती. संस्कृतीनं विचार केला, गावची माणसं, आपल्या रीतीचं काहीतरी घालू. तिनं माझ्या तोंडातून ‘हाय’ काढला आणि मोठ्या मायेनं तिथं दुसरा शब्द ठेवला. शेजारी छान दिसावं म्हणून जोडलेले हात, एक झेंडूचं फूल आणि एक दिवा.

दुसऱ्या सकाळी झुंबरबाईची रिंग आली. मी ऐकली, ओळखली, निरोप धाडला. दूरच्या फडात अजिनाथनं मोळी बांधता बांधता मोबाईल काढला. रोजच्या ‘झुंबरबाई हाय’च्या जागी त्याला दिसलं:

‘झुंबरबाईंचा रामराम.’ जोडलेले हात. फूल. दिवा.

मित्रांनो, आपल्याकडे माणूस भेटला की रामराम आणि माणूस जगातून गेला की तोही रामरामच. अजिनाथच्या मोबाईलवर हात, फूल आणि दिवा एका ओळीत येत, ते फक्त गावात कुणी गेलं की. त्याच्या हातून मोळी सुटली.

“रेश्मा,” तो म्हणाला, “आई गेली गं.”

त्यानं आईला फोन लावला. झुंबरबाई मिस कॉल दिला की फोन फडताळात ठेवून शेळ्यांमागे जाते, उचलणार कोण? गोरक्षला लावला, तर तो सतत बिझी. कारण अशीच हंबरडे फोडणारी पोरं त्याला चहूकडून फोन करत होती. मुकादम ओरडला, “अरं, गाडी भरायची ऱ्हायली!” पण दोघं कोयते टाकून मिळेल त्या टेम्पोनं निघाली होती.

ती वस्तीच्या तोंडाशी पोचली तीच रडत. रेश्मानं तोंडावर पदर घेतलेला. “आई गं, मला न सांगता गेलीस...” अजिनाथ टाहो फोडत होता. पलीकडच्या बांधावरून झुंबरबाई शेळ्या घेऊन येत होती. लेकाचा आवाज ओळखून तिनं काठी टेकली.

“कुनाचं मेलं रं?” तिनं विचारलं.

अजिनाथ जागीच बसला. वर बघून, हसावं की रडावं ते न कळून, त्यानं तिचे पाय घट्ट धरले आणि रामरामचा निरोप तिला सांगितला.

“सोड, पडंन की मी,” ती म्हणाली. “आन् मग खरंच रामराम व्हायचा.”

पण हसण्यावारी जाणारी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या चौकात, झुंबरबाईच्या दारासमोर, माणसं जमली. राजेश्वरीताई, संस्कृती आणि मला खिशात घालून गोरक्ष आला. म्हणजे मोबाईल खिशात, मी मोबाईलमध्ये. मी सगळं ऐकत होतो.

“हा जित्या मानसांना मारतोय,” कुणी म्हणालं. “बंद करा याला.”

“मी तर म्हनतच हुतो,” गोरक्ष म्हणाला. “तयार ॲप घ्या.”

अजिनाथ सगळ्यांत शांत होता, म्हणून त्याचीच मला धास्ती वाटली. “बंद करा न्हाईतर चालू ठिवा,” तो म्हणाला. “खबरीवर माझा इस्वास ऱ्हायला न्हाई. आई, शेळ्या मामाकडं सोड. आज तू आमच्यासंगं येनार.”

झुंबरबाईनं दाराच्या चौकटीला हात लावला.

संस्कृतीचे डोळे भरले होते. नवा शब्द आपण घातला, हे तिनं येताच सांगितलं होतं; पण त्यात नेमकी चूक काय झाली, हे तिला अजून उमगलं नव्हतं. सगळं चाललं तर होतं, निरोप गेले तर होते! ती पुढे झाली. म्हातारीशी कसं बोलावं ते न सुचून, सावेडीत मैत्रिणीला म्हणावं तसं चाचरत म्हणाली, “हाय, आजी.”

“हाय की!” झुंबरबाई कडाडली. “न्हाय व्हायला काय झालं मला? धडधाकट हाय! तूच धाडलंस ना गं मला वर?”

संस्कृतीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. “ताई... हाय म्हणजे... आहे?”

“मग तुला काय वाटलं?” ताईनं विचारलं.

“मला वाटलं हाय म्हणजे... हाय!” आणि तिनं शहरी पोरी हलवतात तसा पंजा हलवून दाखवला.

आधी रेश्माला हसू फुटलं. मग बायडाबाईला. मग सगळा चौक हसू लागला, गोरक्षसुद्धा. अजिनाथ मात्र हसला नाही. पण त्याचा आवाज जरा खाली आला. “आई, हसून काय व्हतंय? उद्या पुन्यांदा असं झालं तर?”

तेव्हा झुंबरबाईनं चौकटीवरचा हात काढला आणि कमरेवर ठेवला.

“अज्या, नीट ऐक. त्याचं घर बदललं, तर पोरीनं त्याची बोलीबी बदलली, म्हनून त्यानं चुकीचं सांगितलं. त्याची बोली त्याला माघारी द्या. तो खरं सांगंन. आन् तुझ्या कोपीत नेऊन तू माझी बोली बदलू नको. मी हितं हाय. हितंच हाय.” ती थांबली. मग तिच्या मनात कधीचं साचलेलं बाहेर आलं. “आन् रोज सकाळी माझं ‘हाय’ तुला जातंय. उसात साप-किरडू, रस्त्यानं भरलेल्या गाड्या. तुझं ‘हाय’ मला कोन देनार?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ताईनंही नाही. मीही नाही.

“बराबर हाय, आत्या,” रेश्मा सासूला म्हणाली.

संस्कृती तिथंच, कडुनिंबाच्या पारावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. तिनं माझ्या तोंडात माझा ‘हाय’ परत ठेवला. फूल, दिवा, हात काढून टाकले. पडद्याच्या माथ्यावर जागेपणाची खूण म्हणून तोच शब्द लिहिला. आणि मग माझ्या मांडवाला तिनं एक नवा खांब रोवला: अजिनाथची रिंग ऐकणारी सेवा. झुंबरबाईला वाचता येत नाही. तेव्हा अजिनाथची रिंग आली, की तिच्या फोनवर मी एक रिंग द्यायची आणि कट करायची; आली नाही, तर गोरक्षला ‘न्हाय’ धाडायचा.

“ताई, किती सोपं गेलं हे!” ती म्हणाली. “त्या तयार ॲपमध्ये असं काही घालताच आलं नसतं.”

ऐकलंत ना, भंगार म्हणणाऱ्यांनो?

अजिनाथ उठला. “उद्या फडावर पोचल्यावर बघतो,” तो आईला म्हणाला. “‘हाय’ आलं तर कोयता हातात घेतो. न्हाई आलं, तर तसाच माघारी फिरतो आन् तुला पाटकुळी घालून नेतो.”

“ने की. लई दिस कुनाच्या पाटकुळीला बसले न्हाई,” झुंबरबाई म्हणाली.

दुसरी सकाळ झाली. गोरक्षनं दुकान अजून उघडलं नव्हतं. फळीवर मी एकटा. पडदा काळा. मोबाईलनं सवयीनं सगळ्यांना दटावलं, “झोपा.” मी माथ्यावरची खूण दाखवली. तो मागे सरला. मी माझ्या सेवांना विचारलं, “आहात ना गं?” एकेकीनं सांगितलं, “हाय.” “हाय.” “हाय.” नवा खांबही बोलला, थोडा घाबरत: “हाय.”

रिंग वाजली. एकदाच. कट.

मी धाडलं, ‘झुंबरबाई हाय.’

मग वाट. ऊन फळीवर आलं. फडावर रेंज होती की नव्हती, निरोप पोचला की हवेतच लटकला, मला कळायला मार्ग नव्हता. मी फक्त जागा राहिलो. आणि मग माझ्या नव्या खांबाला कंप सुटला. दूरच्या उसातून एक रिंग आली. एकदाच. कट.

वस्तीवर झुंबरबाई दारातच बसली होती, शेळ्या सोडायच्या ठेवून. फोन फडताळात नव्हता, पदरात होता. तो वाजला. तिनं उचलला नाही. तो थांबल्यावर तिनं त्याला कपाळाला लावलं आणि शेळ्यांना म्हणाली, “चला गं बयांनो. अज्या हाय.”

आता तिच्या ओवीला तिनंच दुसरी जोडली आहे:

*दुसरी माझी हाक, उसातनं येती,*
*उचलीत न्हाई मी, उरात ठिवती.*

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, जुन्या गोष्टी नव्या जागी न्याल. जरूर न्या. फळीवरून मोबाईलवर, मोबाईलवरून आणखी कुठल्या नव्या यंत्रावर मला न्या. मी हलायला भीत नाही. पण मला उपटताना माझ्या तोंडातला शब्द कुणाचा, हे आधी विचारा. तो वेडावाकडा दिसला, खेडवळ वाटला, तरी पुसण्याआधी त्या माणसाच्या दारात जा. आणि काही माणसंही हलणार नाहीत. त्यांना आहे तिथं राहू द्या.

मला झोपवायला येणारे अजून येतील. येऊ देत. माझ्या माथ्यावर काय लिहिलं आहे, ते त्यांनी वाचावं.

हाय. म्हणजे हाय.